रोझलिंड फ्रँकलिन

रोझलिंड फ्रँकलिन यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमध्ये झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन व पॅरिसमध्ये क्ष-किरण तंत्र आत्मसात करून त्या १९५१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात रुजू झाल्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग यांनी मे १९५२ मध्ये डीएनएच्या तंतूचे एक्कावन्नावे छायाचित्र टिपले. त्यात उमटलेली फुली ही सर्पिल रचनेची खूण होती. साखर-फॉस्फेटचा कणा बाहेरच्या बाजूस असतो, हेही फ्रँकलिन यांनी ओळखले होते.

ते छायाचित्र त्यांच्या नकळत वॉटसन यांना दाखविले गेले. १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी दुहेरी सर्पिलाची प्रतिकृती मांडली. तीत ॲडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन असते. म्हणून दोन धागे विलग झाले की प्रत्येक जुना धागा नव्याचा साचा ठरतो. हे मेसेल्सन व स्टाल यांनी प्रयोगाने दाखविले ते १९५८ मध्ये. त्याच वर्षी १६ एप्रिलला, अवघ्या ३७ व्या वर्षी, फ्रँकलिन कर्करोगाने निवर्तल्या. १९६२ चे नोबेल वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना मिळाले.

मंडी मोहल्ल्यातील या शाळेच्या फळ्यावर दुहेरी सर्पिल रेखाटले जाते, तेव्हा विद्यार्थ्यांनी या चौथ्या नावाचेही स्मरण ठेवावे.