बाटलीच्या काचेचा बाण

तिरंदाजीचं एखादं रील शेवटपर्यंत बघा, अल्गोरिदम तुम्हाला हळूच अमेरिकेतल्या धनुष्यबाणाच्या शिकारीकडे घेऊन जातो. तिथे एक वाद कायम पेटलेला असतो. बाणाला टोक कुठलं लावायचं? एक गट फिक्स्ड ब्रॉडहेडवाला. त्याची पाती कायम उघडी, बिघडण्यासारखं काही नाही. पण पाती वारा पकडतात, म्हणून धनुष्य नीट जुळवून घ्यावं लागतं. दुसरा गट मेकॅनिकलवाला. त्याची पाती हवेत मिटलेली असतात आणि जनावराला लागली की उघडतात. बाण सरळ जातो, जखम रुंद होते, पण पाती उघडण्यातच थोडा जोर खर्च होतो. त्यामुळे हलक्या धनुष्यावरून सोडलेला बाण कमी खोल जाऊ शकतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा प्रश्नच येत नाही. पण या वादाचा माग काढत मागे गेलं की एक माणूस भेटतो. टोक कशाचं करायचं, हा त्याच्यासाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. जग त्याला इशी म्हणून ओळखतं.

इशीचा जन्म १८६० च्या आसपासचा, उत्तर कॅलिफोर्नियातल्या याही जमातीतला. १८४९ पासून सोन्याच्या मागे हजारो गोरे तिथे आले. जमिनी गेल्या, हरणं पळाली, मग सरळ कत्तली सुरू झाल्या. इशी लहान असतानाच त्याची बहुतेक माणसं मारली गेली. उरलेली मोजकी माणसं डिअर क्रीकच्या दऱ्यांमध्ये लपली आणि जवळपास ४० वर्षं तशीच राहिली. बंदुकीचा आवाज झाला असता, तर लपण्याची जागा कळली असती. धनुष्य मात्र गप्प राहून जेवण मिळवून द्यायचं.

त्यांच्याकडे बाणाचं टोक ऑब्सिडियनचं, म्हणजे ज्वालामुखीतून तयार झालेल्या काळ्या काचेचं करायची रीत होती. इशीने त्याच्या जोडीला आणखी एक माल शोधला. गोऱ्यांनी पिऊन फेकून दिलेल्या बाटल्या! काच ती काचच. शिंगाच्या टोकाने कडेवर दाब द्यायचा, एकेक कपची उडवायची, की धारदार पातं तयार. ज्यांनी जमात संपवली, त्यांच्याच कचऱ्यातून हा माणूस शिकारीचं टोक घडवत होता.

१९०८ मध्ये जमीन मोजणाऱ्यांची एक तुकडी त्यांच्या लपलेल्या वस्तीवर येऊन धडकली. त्यांनी हाताला लागेल ते सामान उचलून नेलं. इशीची म्हातारी आई त्यानंतर फार जगली नाही. सोबतचे दोघं पळाले, ते पुन्हा दिसलेच नाहीत. २९ ऑगस्ट १९११ ला ओरोविल गावाजवळच्या एका कत्तलखान्यापाशी उपाशी, एकटा इशी लोकांना सापडला. शोक म्हणून त्याने केस जाळून आखूड केले होते. शेरिफने त्याला तुरुंगात ठेवलं. मग मानववंशशास्त्रज्ञ अल्फ्रेड क्रोबर यांच्या विद्यापीठाने त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणलं. स्वतःचं नाव स्वतः सांगायचं नाही, असा याहींचा रिवाज. म्हणून क्रोबरनी त्याला इशी म्हटलं. त्याच्या भाषेत अर्थ एवढाच, माणूस.

संग्रहालयात तो साफसफाईची नोकरी करायचा आणि रविवारी बघ्यांसमोर बाणाची टोकं घडवायचा. शेजारच्या हॉस्पिटलमधले सर्जन सॅक्स्टन पोप त्याचे डॉक्टर झाले, मग दोस्त, मग चक्क विद्यार्थी. धनुष्य कसं करायचं, जनावराच्या किती जवळ जायचं, वाऱ्याचा अंदाज कसा घ्यायचा, सगळं पोप त्याच्याकडून शिकले. टोकाचा आकारही कामाप्रमाणे बदलायचा. लढाईचं वेगळं, हरणाचं वेगळं, अस्वलाचं वेगळं. १९१४ मध्ये इशी या मंडळींना घेऊन आपल्या जुन्या दऱ्यांमध्ये परतही गेला. जिथे लपला होता, तिथेच आता वाट दाखवत होता.

पोप यांनी पुढे टोकांची चाचणी घेतली. खोक्यावर कातडं ताणलं, आत कलेजी भरली आणि पोलादी व ऑब्सिडियनच्या टोकाचे बाण सोडले. ऑब्सिडियन जास्त खोल गेलं! तरी स्वतःच्या शिकारीला पोप पोलादच वापरायचे, कारण काच हाडावर आपटली की फुटते. एकीकडे धार, दुसरीकडे भरवसा. आजचा फिक्स्ड-मेकॅनिकल वादही बराचसा याच दोन गोष्टींभोवती फिरतो.

२५ मार्च १९१६ ला क्षयाने इशी गेला. शवविच्छेदन नको, असं क्रोबरनी दुरून कळवलं होतं. तरी ते झालं. त्याचा मेंदू काढून ठेवला गेला आणि पुढे स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला गेला. तो परत मिळून त्याच्या नात्यातल्या जमातींच्या हाती पडायला २००० साल उजाडलं.

पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं. ते वाचून अमेरिकेत कितीतरी जणांनी धनुष्य हातात घेतलं. १९६१ मध्ये या शिकारीच्या नोंदी ठेवणारा एक क्लब निघाला. त्याच्या नावात पोप आहेत, त्यांचे शिकारी मित्र आर्थर यंग आहेत. ज्याने शिकवलं, त्याचं नाव त्यात नाही. तसं ते खरं नाव शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. बाणाच्या टोकाची चर्चा मात्र अजून चालूच आहे.