‘ड्यून’चा जनक : फ्रँक हर्बर्ट

अमेरिकेत गाडी बिघडली की लोक चिल्टन कंपनीचं रिपेअर मॅन्युअल शोधायचे. त्याच चिल्टनने १९६५ साली एक जाडजूड विज्ञान कादंबरी छापली. ती म्हणजे ‘ड्यून’!

लेखक फ्रँक हर्बर्ट. जन्म १९२० चा, वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरातला. महायुद्धात थोडे दिवस नौदलात फोटोग्राफर, मग युनिव्हर्सिटीत प्रवेश. तिथेच बेव्हर्ली भेटली आणि १९४६ मध्ये लग्न झालं. डिग्री मात्र हाती लागली नाही, कारण हा पठ्ठ्या आवडतील तेवढेच विषय घ्यायचा. (एम-थ्रीमध्ये अडकलेल्यांनी हा आदर्श घेऊ नये!) पोटासाठी त्याने पत्रकारिता धरली.

१९५७ साली तो ऑरेगॉनमधल्या फ्लॉरेन्सला गेला. तिथे वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकत यायच्या आणि सरकारी कृषी खातं गवत लावून त्यांना थोपवत होतं. त्यावरचा त्याचा लेख तेव्हा छापलाच गेला नाही. पण वाळूने काही त्याला सोडलं नाही! वाळवंट, पाणी, धर्म, सत्ता... पुढे वर्षानुवर्षं तो हेच वाचत आणि लिहीत राहिला. त्या काळात बेव्हर्लीने जाहिरातींचा मजकूर लिहून घर चालवलं. कादंबरी ‘ॲनालॉग’ मासिकात क्रमशः आली, पण पुस्तक काढायला वीसहून जास्त प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी चिल्टनचे संपादक स्टर्लिंग लॅनियर यांनी होकार दिला. १९६६ मध्ये ह्यूगो (विभागून) आणि कादंबरीचं पहिलंवहिलं नेब्युला मिळालं. तरी नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक व्हायला १९७२ उजाडलं.

मला स्वतःला यातल्या स्पेसशिप्सपेक्षा पाण्याचा हिशेब जास्त आवडला. अराकिस ग्रहावर थेंबाथेंबाला किंमत आहे. तिथले फ्रेमेन लोक ‘स्टिलसूट’ घालतात. तो घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून पुन्हा प्यायचं पाणी देतो. पंप चालतो अंगाच्याच हालचालीवर, बॅटरीची गरज नाही! आता थर्मोवाले विचारतील, सगळी वाफ आतच अडवली तर उष्णता जाणार कुठे? शंका रास्त आहे. पण कथा वाचताना अशी शंका येते, हीच तर मजा!

खरा धक्का मात्र पुढे आहे. पॉल हा हिरो म्हणून आपण टाळ्या वाजवत असतो आणि त्याच्याच नावाने धर्मयुद्ध पेटतं. ते येताना त्याला दिसतं, तरी थांबवता येत नाही. बऱ्याच वाचकांना पॉल नुसता हिरोच वाटला. मग १९६९ मध्ये ‘ड्यून मसाया’त हर्बर्टने त्याची किंमत उघड दाखवली. तारणहार दिसला की आधी सावध व्हा, असं त्याला म्हणायचं होतं. वाळू थोपवायला गवत तरी आहे, माणसांची लाट थोपवायला काय लावणार?

१९८४ मध्ये बेव्हर्ली गेली आणि १९८६ मध्ये तोही. २०२१ आणि २०२४ चे सिनेमे आपण हॉस्टेलवर लॅपटॉपभोवती कोंडाळं करून पाहिले आहेत. आता पुस्तकही वाचा. आणि हो, कॅम्पसला दोन-तीन कंपन्यांनी नाही म्हटलं, तर ते वीस प्रकाशक आठवा!

– टी.ई. मेकॅनिकल