विश्लेषण : डोक्याला जबर मार, आधी थांबतो श्वास! व्हिक्टर हॉर्स्ली यांनी काय दाखवून दिले?

संक्रांतीचे तीन दिवस येवल्याच्या गच्च्या पतंग, आसारी आणि हलकडीच्या आवाजाने भरून जातात. याच गच्चीवरून एखादे मूल पडून बेशुद्ध झाले, तर त्याचे हृदय चालू असतानाही श्वास थांबू शकतो. हे सव्वाशे वर्षांपूर्वी प्रयोगांतून दाखवणारे शल्यविशारद म्हणजे सर व्हिक्टर हॉर्स्ली.

हॉर्स्ली कोण होते?

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील चित्रकार होते. १८८६ मध्ये ते लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील मज्जाविकार रुग्णालयात शल्यविशारद झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी मज्जारज्जूवरील गाठ यशस्वीपणे काढली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

त्यांचा शोध काय?

मेंदूत गोळी शिरल्यावर मृत्यू नेमका कशाने होतो, हा त्यांचा प्रश्न होता. क्रेमर यांच्यासह त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि निष्कर्ष १८९७ मध्ये प्रसिद्ध केले. कवटीतील दाब एकदम वाढतो, मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र बंद पडते आणि हृदयाआधी श्वास थांबतो. त्याच वेळी कृत्रिम श्वास दिला, तर जीव वाचू शकतो.

उपचाराला उशीर का लागला?

दिवसेंदिवस श्वास देण्याची सोय तेव्हा नव्हती. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने श्वास देण्याचा मार्ग दाखवला. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबल्या. अतिदक्षता विभागाची कल्पना त्यातूनच रुजली.

आज मुलांसाठी काय केले जाते?

शुद्धीचा ग्लासगो गुणांक ८ किंवा त्याहून कमी असल्यास सहसा नळी घालून व्हेंटिलेटर लावतात. श्वास कमी पडला तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि कवटीतील दाब चढतो. श्वास फार जलद दिला तर रक्तवाहिन्या आकसून मेंदूला रक्त कमी मिळते. म्हणून दोन्ही टोके टाळावी लागतात. व्हेंटिलेटर मेंदूची जखम भरत नाही. तो आणखी नुकसान टाळून वेळ मिळवून देतो. येवल्याहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. त्यामुळे श्वासाचा आधार रुग्णालयात पोहोचल्यावर नव्हे, तर १०८ रुग्णवाहिकेतच सुरू व्हावा लागतो.

हॉर्स्ली यांचा शेवट कसा झाला?

पहिल्या महायुद्धात ते लष्करी शल्यविशारद म्हणून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. याच आघाडीवर मराठा पलटणीही लढत होत्या. जखमींच्या हेळसांडीविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. १६ जुलै १९१६ रोजी अमारा येथे उष्माघाताने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५९ वर्षांचे होते. इब्सेन यांची रबरी पिशवी यायला अजून ३६ वर्षे होती.