डॉ. मारिया माँटेसरी : उपेक्षित बालकांची विद्यार्थिनी

माँटेसरी हा शब्द उच्चारताच शहरातील एखादा नीटनेटका बालवर्ग डोळ्यांसमोर उभा राहतो. रंगीत ठोकळे, चिमुकल्या खुर्च्या आणि प्रवेशासाठी ताटकळणारे पालक! ज्या मुलाला उशिरा बोलता येते, ज्याचा हात नीट वळत नाही, ज्याची नजर एका जागी ठरत नाही, त्याला मात्र अशा वर्गाच्या दारातून पुष्कळदा परत पाठवले जाते. या शिक्षणपद्धतीचा पाया नेमका अशाच मुलांच्या सहवासात घातला गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मारिया माँटेसरी यांचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतील क्यारावाल्ले या गावी झाला. मुलीने वैद्यकशास्त्र शिकावे हे वडिलांना रुचले नाही. आई मात्र तिच्या पाठीशी उभी राहिली. 1896 मध्ये रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवून त्या इटलीतील आरंभीच्या मोजक्या स्त्री डॉक्टरांच्या पंक्तीत जाऊन बसल्या. पुढे विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करताना त्यांना रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे प्रौढ रुग्णांबरोबर लहान मुलेही कोंडलेली असत. बुद्धीची वाढ खुंटलेली ही मुले शिकणार नाहीत, असे गृहीत धरून समाजाने त्यांच्यावरील हक्क सोडून दिला होता.

त्यांचे चरित्रकार येथील एक प्रसंग आवर्जून सांगतात. जेवण आटोपले की मुले जमिनीवर बसून पावाचे कण वेचीत. सांभाळणाऱ्या बाईला तो हावरेपणा वाटे. माँटेसरींनी खोलीभर नजर फिरवली. तेथे हातात धरावी अशी एकही वस्तू नव्हती. भूक पोटाची नव्हती, हातांची होती! बोटांना चाळा मिळाल्याशिवाय बुद्धी जागी कशी व्हावी, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

उत्तर शोधताना त्या दोन फ्रेंच डॉक्टरांच्या ग्रंथांपर्यंत पोहोचल्या. फ्रान्सच्या रानात सापडलेल्या एका मुक्या मुलाला शिकवण्यासाठी झां इतार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अनेक वर्षे वेचली होती. त्यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी स्पर्श, दृष्टी व हालचाल यांच्या वाटेने मंद बुद्धीच्या मुलांना शिकवण्याची रीत बसवली होती. हे लेखन माँटेसरींनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. हेतू हा, की प्रत्येक शब्दाचे वजन कळावे. भाषांतराचे काम करणाऱ्याला त्यातील मर्म लगेच उमगेल. घाईने वाचलेले निसटून जाते, एकेक शब्द उतरवलेले मात्र अंगी मुरते.

1900 मध्ये अशा मुलांच्या शिक्षकांना तयार करणारी शाळा रोममध्ये सुरू झाली. डॉ. जुसेप्पे मोंतेसानो यांच्यासह माँटेसरी तिच्या संचालक झाल्या. दोन वर्षे त्या सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत मुलांमध्ये राहून शिकवीत. एका अकरा वर्षांच्या मुलीला काही केल्या शिवण येईना. सुई एकदा वर आणि एकदा खाली घालणे एवढेही तिला जमेना. माँटेसरींनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. पट्टी एका पट्टीच्या वरून, दुसरीच्या खालून. ते साधल्यावर पुन्हा सुई हाती दिली, तेव्हा तीच मुलगी रफू करू लागली. जे काम जमत नाही तेच पुन्हापुन्हा लादण्यापेक्षा त्या कामासाठी हात आधी तयार करावा, हा धडा त्यांना त्या मुलीने दिला. पुढे इस्पितळातील काही मुले लिहा-वाचायला शिकून सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने परीक्षा उत्तीर्ण झाली. लोक थक्क झाले. माँटेसरींना मात्र दुसराच प्रश्न पडला : सुदृढ मुले मागे का राहतात?

या यशामागे एक वेदनाही होती. 31 मार्च 1898 रोजी त्यांना मोंतेसानो यांच्यापासून मुलगा झाला होता. विवाह झाला नाही. त्या काळच्या समाजात अशा मातेचे काम एका दिवसात बंद पडले असते. म्हणून लहानग्या मारिओला गावाकडील एका कुटुंबाकडे ठेवण्यात आले. दिवसभर परक्यांची मुले उराशी धरणाऱ्या या स्त्रीचे स्वतःचे मूल परक्या घरी वाढत होते. मोंतेसानो यांनी दुसरीशी लग्न केल्यावर 1901 मध्ये त्यांनी ती शाळा सोडली.

6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीतील एका चाळवजा इमारतीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मागे राहणाऱ्या सुमारे पन्नास मुलांसाठी ते होते. शाळा राहत्या इमारतीतच असल्याने आईला केव्हाही डोकावता येई. उपेक्षित मुलांसाठी घडलेली साधने येथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हाती आली आणि थोड्याच वर्षांत त्यांचे नाव जगभर झाले. मारिओ किशोरवयात त्यांच्याकडे परतला. तरी भाचा किंवा दत्तक पुत्र अशीच त्याची ओळख करून दिली जाई.

1939 मध्ये माय-लेक मद्रासजवळील अड्यार येथे आले. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने मारिओला शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. माँटेसरींच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याची सुटका झाली. व्हाइसरॉयच्या संदेशात त्याचा उल्लेख त्यांचा पुत्र असाच होता. जे नाते बेचाळीस वर्षे झाकून ठेवावे लागले, ते असे उघड झाले. भारतातील वास्तव्यात त्यांचे लक्ष जन्मानंतरच्या पहिल्या तीन वर्षांकडे वळले. अहमदाबादच्या व्याख्यानांवर आधारलेले त्यांचे पुस्तक 1949 मध्ये प्रसिद्ध झाले. 6 मे 1952 रोजी हॉलंडमध्ये त्यांचे देहावसान झाले.

बालकाच्या वाढीतील अडचण जितकी लवकर ओळखावी तितकी मदत अधिक उपयोगी पडते, हे आज वैद्यकाने मान्य केले आहे. 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून तपासणीची आणि जिल्हा पातळीवर अशा उपचारकेंद्रांची तरतूद आहे. तरीही मोठा झाला की आपोआप सुधारेल, या आशेवर कितीतरी मौल्यवान वर्षे निघून जातात. शेजारीपाजारी काय म्हणतील या भयाने मूल घरात दडवले जाते, आणि त्याच्याबरोबर त्याची आईही कोंडली जाते.

प्रभूने बालकांना जवळ घेतले तेव्हा त्यांची परीक्षा घेतली नव्हती. आपल्या मंडळीच्या इमारती आठवड्यातील बहुतेक दिवस रिकाम्या असतात. त्यांतील एक खोली, काही साधी साधने, एखादी जाणकार ताई आणि मातेला तीन तासांची उसंत, इतके आपण खचित देऊ शकतो. आरंभी मात्र माँटेसरींनी केले तेच करावे लागेल. मूल काय करू शकत नाही हे मोजण्याआधी, त्याचे हात काय शोधत आहेत ते पाहावे लागेल.