संत इग्नेशियस लोयोला: मनाची वाट ओळखणारा यात्रेकरू



दिवसभर आपण कामाच्या रगाड्यात असतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की मात्र मन जागे होते. कुणाला कालचे भांडण आठवते, कुणाला उद्याची काळजी छळते, तर कुणाला वर्षांपूर्वीची चूक टोचत राहते. अशा मनाचे करायचे काय? ज्यांनी स्वतःच्या मनाकडे धीराने पाहिले आणि मग इतरांनाही तसे पाहायला शिकवले, त्या संत इग्नेशियस लोयोला ह्यांचे जीवन ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

स्पेनमधील बास्क प्रांतात, लोयोलाच्या गढीत १४९१ साली त्यांचा जन्म झाला. तेरा भावंडांत ते शेंडेफळ. नाव इनिगो. तरुणपणी त्यांना तलवारबाजी, उंची कपडे आणि दरबारातील मानमरातब ह्यांचे वेड होते. २० मे १५२१ रोजी पांप्लोना येथील किल्ल्याच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा उजवा पाय मोडला. फ्रेंच सैनिकांनीच त्यांना घरी पोहोचवले. हाड जुळले, पण वाकडे. गुडघ्याखाली एक तुकडा पुढे आलेला दिसू लागला. बूट शोभून दिसावेत म्हणून त्यांनी तो तुकडा करवतीने कापून घेतला, आणि तोही भूल न घेता, कारण भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हतेच. दिसण्याची हौस माणसाला किती सोसायला लावते!

खाटेवर पडून वेळ जाईना. शूरवीरांच्या प्रेमकथा त्यांनी मागितल्या; घरात होती ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. नाइलाजाने ती वाचता वाचता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना आनंद वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला, की तो विचार संपल्यावरही समाधान टिकून राही. विचार येतो तेव्हा तो गोड वाटतो की कडू, एवढेच पाहून भागत नाही. तो निघून गेल्यावर मनात काय मागे ठेवतो, तेही पाहावे लागते. त्यांच्या पुढील साऱ्या शिकवणीचे बीज ह्या निरीक्षणात होते.

१५२२ च्या मार्चमध्ये त्यांनी मॉन्सेरात येथे पवित्र मरियेच्या वेदीपाशी तलवार ठेवली, भारी कपडे एका भिकाऱ्याला दिले आणि मानरेसा गावी राहायला गेले. मन शांत होईल असे वाटले होते, पण घडले उलटेच. मॉन्सेरातला तीन दिवस लिहून काढून पूर्ण पापनिवेदन केले होते, तरी काहीतरी सांगायचे राहून गेले, ही शंका पाठ सोडीना. पुन्हा निवेदन, पुन्हा शंका. धर्मगुरूंनी सांगितले, की अगदी स्पष्ट असेल तरच जुने पाप पुन्हा सांगा. पण इनिगोंना सगळेच स्पष्ट वाटत होते! रोज सात तास प्रार्थना करूनही सुटका नव्हती. राहत्या खोलीतील एका भगदाडातून उडी टाकून जीव द्यावा, असाही विचार वारंवार येई. पुढे जो संत झाला, त्याच्याही मनात हा विचार आला होता, हे आपण विसरता कामा नये.

देव शांती देईपर्यंत अन्न घ्यायचे नाही, असे ठरवून त्यांनी आठवडाभर उपवास केला. धर्मगुरूंनी तो मोडायला लावला आणि त्यांनी आज्ञा पाळली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी एकेक जुने पाप पुन्हा साखळीसारखे ओढले जाऊ लागले. तेव्हा ते थबकले. हे विचार कोठून सुरू होतात आणि कुठे नेतात, हे त्यांनी पाहिले. त्यांचा शेवट जगण्याच्या किळसेत होत होता. जे माणसाला देवाच्या दयेपासून दूर नेते, ते देवाकडून आलेले नसते, हे त्यांना उमगले. क्षमा झालेली पापे पुन्हा उगाळायची नाहीत, असा त्यांनी निश्चय केला आणि त्या छळातून ते सुटले.

आज अशा न थांबणाऱ्या शंकांचा वैद्यकशास्त्र आजार म्हणून विचार करते. मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात. औषधे आणि समुपदेशन ह्यांनी त्यात आराम पडतो. म्हणून आपल्या घरी कुणी असे तळमळत असेल, तर त्याची श्रद्धा कमी पडली असे म्हणू नका. प्रार्थना करा आणि डॉक्टरांकडेही न्या. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटे सोडू नका. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस ह्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवा.

मानरेसात उपासतापासांनी इग्नेशियस ह्यांनी प्रकृतीची हेळसांड केली आणि पोटाचे दुखणे जन्माला लागले. त्यातूनही ते शिकले. १५४८ साली फ्रान्सिस बोर्जा ह्यांना पत्र लिहून त्यांनी कठोर तपश्चर्या कमी करण्याचा आणि देवाने दिलेले शरीर नीट सांभाळण्याचा सल्ला दिला.

तिशी ओलांडल्यावर बार्सेलोनात ते लहान मुलांबरोबर लॅटिन शिकायला बसले. पॅरिसमध्ये पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे खोलीसोबती झाले. फेबरलाही शंकांनी ग्रासले होते. इग्नेशियस ह्यांनी त्याला धीराने वाट दाखवली. ती वाट त्यांच्या पायाखालची होती. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल ह्यांनी येशूसंघाला मान्यता दिली. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्याला पोहोचले. दोघा मित्रांची पुन्हा भेट झाली नाही. १५५३ च्या जूनमध्ये इग्नेशियस ह्यांनी त्यांना परत बोलावणारे पत्र लिहिले. तोवर झेवियरना देवाघरी जाऊन सहा महिने झाले होते.

इग्नेशियस ह्यांनी 'आध्यात्मिक साधना' ह्या पुस्तकात रोजच्या आत्मपरीक्षणाची साधी पद्धत दिली आहे. प्रथम दिवसभरातील देणग्यांबद्दल देवाचे आभार मानायचे. मग स्वतःला नीट पाहण्यासाठी प्रकाश मागायचा. सकाळपासूनचा एकेक तास आठवायचा. चुकले असेल तेथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक निश्चय करायचा. सुरुवात आभारांनी होते, आरोपांनी नाही, हे ध्यानात घ्या. एखादी खोड मोडायची असेल, तर एका वेळी एकच घ्यावी. वहीत रोजची रेघ आखावी, चूक घडली की ठिपका द्यावा आणि कालच्याशी आजची तुलना करावी. त्यांचा आणखी एक नियम घरोघरी उपयोगी पडेल: मन काळोखात असताना पूर्वी केलेला चांगला निश्चय बदलू नये. नोकरी सोडणे, नाते तोडणे असे निर्णय खिन्न अवस्थेत घेऊ नयेत.

ही शांती त्यांना आयती मिळालेली नव्हती. १५५५ साली येशूसंघाबद्दल फारसे अनुकूल नसलेले कार्डिनल काराफा पोप झाल्याची बातमी आली, तेव्हा इग्नेशियस अंतर्बाह्य हादरले. ते मुकाट्याने प्रार्थनालयात गेले आणि थोड्या वेळाने शांत चेहऱ्याने बाहेर आले. भीती त्यांनाही वाटे. ती घेऊन कुठे जायचे, हे त्यांना ठाऊक होते.

३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. १२ मार्च १६२२ रोजी झेवियर ह्यांच्याबरोबरच त्यांना संतपद देण्यात आले.

आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी पंधरा मिनिटे बाजूला काढू या. मोबाईल दूर ठेवू या आणि दिवसाकडे देवाच्या सोबतीने एकदा मागे वळून पाहू या. पहिल्याच रात्री मन स्थिर होणार नाही. इग्नेशियस ह्यांचेही झाले नव्हते.

संत इग्नेशियस, आम्हांसाठी विनंती कर.