एकाच नावाचे दोन माधवराव



हडपसरहून सोलापूर रस्त्याने पुढे गेले की आत थेऊर लागते. तेथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे क्षयाने वारले. वय अवघे २७. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्यांचाही खून झाला. पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. दिवे घाटापलीकडे, पुरंदर किल्ल्यावर १८ एप्रिल १७७४ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याला वारलेल्या चुलत्याचेच नाव मिळाले. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रेही मिळाली.

हेच सवाई माधवराव. सवाई म्हणजे सव्वापट! आई १७७७ साली गेली. कारभार नाना फडणीसांच्या हाती राहिला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामावर विजय मिळाला. त्याच ऑक्टोबरात शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून ते २१व्या वर्षी मरण पावले.

स्पेन, मेक्सिकोतील जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांतही गेलेल्या बाळाचे नाव पुढच्या भावंडाला दिलेले आढळते. आपल्यातही बाळ गमावलेल्या आईवडिलांना तसे वाटते. जरूर द्यावे, त्यात प्रेमच आहे. पण बाप्तिस्म्यात ते नाव नव्या जिवाचे होते. गेलेल्याचे अपुरे आयुष्य त्याच्या खांद्यावर ठेवू नये, सव्वापटीची अपेक्षा तर नकोच. परमेश्वर दोघांनाही वेगवेगळे ओळखतो. आपणही घरच्या प्रार्थनेत दोघांची वेगवेगळी आठवण करू या.

तुमचे धर्मगुरू