बाबासाहेब आणि जगाचे राजकारण

आपल्या घराघरांत बाबासाहेबांचा फोटो आहे. पण परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की आपल्या माणसाला वाटते, ते दिल्लीवाले बघतील, आपला काय संबंध? बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातला हा भाग वस्तीत कमीच सांगितला जातो. खडवलीच्या या स्मरणिकेसाठी आम्ही म्हणूनच तो निवडला.

१८९१ साली महूला जन्म, सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, पुढे लंडन. हे तर मुलांनाही पाठ आहे. त्या शिक्षणाने त्यांची नजर जगभर फिरू लागली, हे मात्र आपण विसरतो.

१९४६ सालचीच गोष्ट घ्या. संयुक्त राष्ट्रसंघ नुकताच स्थापन झाला होता. अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी आपले गाऱ्हाणे तिथे नेल्याचे बाबासाहेबांना कळले. त्यांनी त्यांचे विद्वान नेते डू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती किती सारखी आहे, हेही त्यात लिहिले. डू बॉइस यांनी जुलैअखेर आपुलकीने उत्तर पाठवले. सात समुद्रापलीकडच्या दोन पीडित समाजांचा हा पत्रव्यवहार! आम्हाला तर त्याचे मोल फार मोठे वाटते.

१९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले. हिंदू कोड बिलाचे कारण सर्वांना ठाऊक आहे. पण राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्र धोरणाचीही तक्रार होती. वर्षाचे उत्पन्न साडेतीनशे कोटींच्या आसपास, आणि त्यातले १८० कोटी लष्करावर! जगात मित्र उरले नाहीत आणि पाकिस्तानशी वाद मिटत नाहीत, म्हणून हा बोजा, असा त्यांचा हिशोब होता. शेवटी ते अर्थशास्त्रज्ञ. घरात दाणा नसताना निम्म्याहून जास्त पगार कुंपणावर घालवावा, तसलाच हा प्रकार.

१९५४ च्या एप्रिलमध्ये भारत-चीन करार झाला. त्यात तिबेट चीनचा भाग धरला गेला, आणि करारातल्या पाच तत्त्वांना नाव मिळाले पंचशील. विहारात आपण रोज म्हणतो तोच शब्द! २६ ऑगस्टला राज्यसभेत बाबासाहेबांनी यावर कोरडे ओढले. पंचशील हा बौद्ध धर्माचा भाग आहे. माओंची त्यावर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा पुष्कळांना तो पटला नाही. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आश्रयाला आले, १९६२ मध्ये चीनचे युद्ध झाले. ते पाहायला बाबासाहेब नव्हते.

शांतता त्यांना नको होती असे कुणी समजू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि महिनाभरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. प्रकृती पार ढासळली होती. तरी देशोदेशींच्या प्रतिनिधींपुढे ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावर बोलले. गरिबाचे दुःख दोघांनीही ओळखले; पण मार्क्सवाद्यांचा मार्ग बळजबरीचा आणि हुकूमशाहीचा, तर बुद्धाचा माणसाचे मन बदलण्याचा, हे त्यांनी तिथे मांडले. नोव्हेंबर संपता संपता ते दिल्लीला परतले. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले.